समुद्रावरच्या गावाचा सूत्रधार : क्रूझ डायरेक्टरचे काम समजून घेताना

रॉयल कॅरिबियन कंपनीचे ‘ओएसिस ऑफ द सीज’ हे जहाज २००९ च्या डिसेंबरात प्रवाशांच्या सेवेत आले. एका खोलीत दोन माणसे असा हिशेब धरला तर त्यावर सुमारे ५,४०० प्रवासी राहतात, आणि त्याच्या मुख्य नाट्यगृहात एका वेळी सुमारे १,४०० माणसे बसतात. जहाजावरच्या करमणुकीचा कारभार पाहणाऱ्या, क्रूझ डायरेक्टर नावाच्या अधिकाऱ्यापुढचा पेच समजण्यासाठी हे दोन आकडे पुरेसे आहेत. संध्याकाळी प्रत्येकाला जेवायचे असते, प्रत्येकाला रंगमंचावरचा कार्यक्रम पाहायचा असतो, आणि शहरात असते तशी दुसरीकडे निघून जाण्याची वाट नसते, कारण जहाजाबाहेर समुद्र असतो. तरीही नीट चालवलेल्या जहाजावर रात्री फेरफटका मारताना जीव घुसमटत नाही. एका कोपऱ्यात पियानो चालू असतो, दुसरीकडे माणसे नाचत असतात, वरच्या डेकवर एखादे आजोबा वाऱ्यात निवांत बसलेले असतात, आणि प्रत्येकाला आपापली जागा सापडलेली असते. ही घडी कशी बसवली जाते, ते या लेखात पाहायचे आहे.

क्रूझ डायरेक्टर म्हणजे हातात माइक घेऊन सतत उत्साहाने बोलणारी व्यक्ती, एवढीच बहुतेक प्रवाशांची समजूत असते, कारण त्यांना दिसतो तो तेवढाच भाग. जहाजाच्या रचनेत त्याचे किंवा तिचे स्थान (या पदावर स्त्रियाही मोठ्या संख्येने काम करतात) साधारणपणे असे असते : सर्वांच्या वर कप्तान, त्याच्या हाताखाली नौकानयन, इंजिन आणि हॉटेल हे तीन मोठे विभाग, आणि हॉटेल विभागाच्या प्रमुखाच्या अखत्यारीत करमणुकीचा कारभार. त्या कारभारात नर्तक व गायक, वादक, ध्वनी आणि प्रकाशाचे तंत्रज्ञ, दिवसभराचे खेळ घेणारे कर्मचारी आणि मुलांचे विभाग सांभाळणारे शिक्षक येतात. सर्वांत मोठ्या जहाजांवर ही संख्या शंभराच्या वर जाते.

त्याच्या हातात काय नसते, हेही आधी सांगायला हवे. मुख्य रंगमंचावरचे मोठे प्रयोग कंपनीचे मुख्य कार्यालय ठरवते. त्यांच्या तालमी जमिनीवरच्या स्टुडिओत होतात आणि कलाकारांचा पूर्ण संच बसवलेला प्रयोग घेऊनच जहाजावर येतो. जादूगार, विनोदवीर यांसारखे पाहुणे कलाकार एका बंदरात चढतात आणि काही दिवसांनी दुसऱ्या बंदरात उतरून पुढच्या जहाजाकडे जातात. म्हणजे सामग्री बरीचशी बाहेरून आलेली असते. ती कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणत्या जागी आणि कशाच्या पाठोपाठ वाढायची, हे मात्र त्याच्याकडे असते. लग्नघरात स्वयंपाक आचारी करतो, मंत्र गुरुजी म्हणतात, सनई वाजंत्री वाजवतात, पण मुहूर्त साधेपर्यंत आणि शेवटची पंगत उठेपर्यंत सगळ्यांकडे लक्ष ठेवून असणारा एक कर्ता माणूस लागतोच. क्रूझ डायरेक्टर हा असा कर्ता माणूस आहे, फक्त त्याच्या घरी दर आठवड्याला नवे वऱ्हाड येते.

हे पद फार जुने नाही. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून विलायतेला जाणाऱ्या बोटींच्या काळात प्रवास दोन-तीन आठवड्यांचा असे, पण करमणूक पुरवणे हे कंपनीचे मुख्य काम मानले जात नसे. प्रवासी आपल्यातूनच एक समिती निवडत आणि ती समिती डेकवरचे खेळ, वेशभूषेच्या मेजवान्या आणि गाण्याच्या मैफिली भरवत असे. चोवीस तासांत जहाज किती सागरी मैल कापेल यावर पैजा लागत, आणि विषुववृत्त ओलांडणाऱ्या बोटींवर समुद्रदेव नेपच्यूनचा दरबार भरे. शिवाय जहाज वर्गांत वाटलेले असे. पहिल्या वर्गाची मेजवानी दुसऱ्या वर्गाला दिसत नसे, आणि सर्वांत स्वस्त तिकिटावरच्या माणसाला दोन्ही दिसत नसत. सगळ्या जहाजाचा मिळून एक माहोल असावा, ही कल्पनाच त्या रचनेत बसणारी नव्हती.

केवळ हिंडण्यासाठी जहाजाने जायचे, ही चाल युरोपात आली ती हिवाळ्यातल्या तोट्यामुळे. हिवाळ्यात उत्तर अटलांटिक ओलांडणारे प्रवासी कमी होत आणि मोठी जहाजे रिकामी पडून राहत. हँबुर्ग-अमेरिका लाइन या जर्मन जहाज कंपनीचे आल्बर्ट बालिन यांनी त्यांतले ‘आउगुस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज २२ जानेवारी १८९१ रोजी कुक्सहाफेनहून भूमध्य समुद्राच्या सुमारे दोन महिन्यांच्या सहलीवर पाठवले. २४१ प्रवासी होते, आणि बालिन स्वतःही त्यांच्यासोबत गेले होते. तरीही पुढची साठ-सत्तर वर्षे मुख्य धंदा पोहोचवण्याचाच राहिला. १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानांची नियमित सेवा सुरू झाली आणि त्या धंद्याचा पायाच निघून गेला. पाच-सहा दिवसांचे अंतर काही तासांवर आल्यावर बोटीने कोणी का जावे, या प्रश्नाला एकच उत्तर उरले : बोटीवर राहणे हाच आनंद असेल तर. टेड ॲरिसन यांनी १९७२ मध्ये ‘मार्दी ग्रा’ हे जुने प्रवासी जहाज घेऊन कार्निव्हल कंपनी सुरू केली. पहिल्याच सफरीत ते मायामीजवळ वाळूत रुतले, पण पुढे याच कंपनीने आपल्या जहाजांना ‘फन शिप’ म्हणायला सुरुवात केली आणि बंदरांपेक्षा जहाजावरची मौज विकली. जहाज हेच मुक्कामाचे ठिकाण झाले, तेव्हा त्या ठिकाणचा दिवस आखणारा पूर्णवेळ माणूस अपरिहार्य झाला.

आता मूळ पेचाकडे वळू. ५,४०० माणसे आणि १,४०० खुर्च्या हे गणित काही अंशी सोडवण्याची सर्वांत जुनी युक्ती म्हणजे दोन पंगती. निम्मे प्रवासी संध्याकाळी सहाच्या सुमारास जेवतात आणि नंतर कार्यक्रमाला जातात, तर उरलेले आधी कार्यक्रम पाहतात आणि आठ-साडेआठला जेवायला बसतात. एकच प्रयोग एका संध्याकाळी दोनदा होतो आणि दोन्ही मोठ्या जागा सतत वापरात राहतात. हे कागदावर सोपे दिसते, पण मधली पंधरा-वीस मिनिटे अवघड असतात. पहिला प्रयोग सुटतो आणि दुसऱ्याचे प्रेक्षक येऊ लागतात, त्याच वेळी पहिली पंगत उठून दुसरी बसायची असते. हजारो माणसे एकाच वेळी जिन्यांवर आणि लिफ्टपाशी आली, तर उत्तम प्रयोगाची आठवणही रांगेच्या आठवणीखाली दबते. म्हणून नेमक्या त्याच वेळी मधल्या दालनात छोटा वाद्यवृंद सुरू होतो, दुसऱ्या टोकाला प्रश्नमंजूषा लावली जाते, वरच्या डेकवर मोकळ्या हवेत चित्रपट सुरू होतो. प्रवाशाला वाटते, किती गोष्टी चालू आहेत! त्यातली निम्मी गंमत त्याला लिफ्टपासून दूर नेण्यासाठी योजलेली असते, आणि ती गंमत म्हणूनही खरी असते, यातच या कामाचे कसब आहे. काही कंपन्यांनी आता ठरावीक पंगती सोडून हव्या त्या वेळी जेवण्याची मुभा दिली आहे. त्यामुळे प्रवासी सुखावले, पण गर्दीचा अंदाज बांधणे कठीण झाले, आणि मोठ्या कार्यक्रमांच्या जागा मोबाइल ॲपवरून आधी राखून ठेवण्याची पद्धत आली.

एका दिवसाची आखणी अशी असते, तशी सात दिवसांचीही एक चढती-उतरती रेषा असते. पहिल्या दिवशी माणसे विमानप्रवासाने थकलेली, सामानाची वाट पाहणारी आणि जहाजाच्या नकाशात हरवलेली असतात. त्या रात्री लांबलचक संगीतिका ठेवली तर अर्धे प्रेक्षागृह डुलक्या घेईल, म्हणून थोडे गाणे, थोडा विनोद आणि मुख्य कर्मचाऱ्यांची ओळख असा हलका कार्यक्रम असतो. दुसरा दिवस अनेकदा बंदर नसलेला, नुसता समुद्राचा असतो. त्या दिवशी माणसे ताजीतवानी असतात, वेळ भरपूर असतो आणि कुठे जायचे नसते, त्यामुळे नृत्याचे वर्ग, स्वयंपाकाची प्रात्यक्षिके, हौजी, व्याख्याने आणि संध्याकाळी ठेवणीतल्या कपड्यांची मेजवानी असा भरगच्च बेत त्याच दिवशी शोभतो. बंदराच्या दिवशी उलट असते. माणसे दिवसभर उन्हात फिरून पाय दुखवून परततात, आणि त्यांना संध्याकाळी विनोदवीराचा पाऊण तास पुरतो. शेवटच्या रात्री सामान बांधून खोलीबाहेर ठेवायचे असते, तेव्हा निरोपाचा कार्यक्रम लवकर आटोपला पाहिजे. नाटकवाल्यांना प्रयोगाचा क्रम कळतो, पण येथे क्रमासोबत प्रेक्षकाच्या अंगातला थकवाही मोजावा लागतो.

ही सगळी आखणी प्रवाशापर्यंत पोहोचते ती दैनंदिन कार्यक्रमपत्रिकेतून. पूर्वी ती रात्री खोलीत कागदावर छापून येत असे आणि काही जहाजांवर अजूनही मिळते, पण बऱ्याच ठिकाणी तिची जागा ॲपने घेतली आहे. मला स्वतःला कागदी पत्रिका अधिक माणसाळलेली वाटते, कारण ती घेऊन नवरा-बायको, आजी-नातू असे एकत्र बसून उद्याचा बेत ठरवतात, आणि मोबाइलमध्ये प्रत्येक जण आपापला बेत एकटा ठरवतो. पत्रिका वाचताना एक गोष्ट सहज नजरेतून सुटते : काही कार्यक्रम रोज त्याच वेळी, त्याच जागी असतात. प्रश्नमंजुषा हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. खुर्च्या, कागद आणि पेन्सिली एवढाच तिचा खर्च. पण पहिल्या दिवशी योगायोगाने एका टेबलाशी बसलेली सहा अनोळखी माणसे दुसऱ्या दिवशी मुद्दाम एकत्र बसतात आणि तिसऱ्या दिवशी एखादा उशिरा आला तर त्याच्यासाठी खुर्ची राखून ठेवतात. लाखो डॉलर खर्चून उभारलेल्या रंगमंचाला जे साधत नाही ते या टेबलाला साधते, असे माझे ठाम मत आहे. ज्या क्रूझ डायरेक्टरला हे कळते, तो गर्दीच्या सोयीसाठी या खेळाची वेळ कधीही सरकवत नाही.

माहोल घडवण्याचे आणखी एक साधन म्हणजे आवाज. सकाळी न्याहारीच्या वेळी हळू संगीत, दुपारी तलावाकाठी कॅरिबियन स्टील ड्रम, जहाज बंदर सोडताना उघड्या डेकवर जोरदार ठेका, आणि रात्री एका बाजूला नृत्यगृह व दुसऱ्या बाजूला तंतुवाद्यांची मंद मैफल, अशी दिवसाची ध्वनिरचना ठरलेली असते. क्रूझ डायरेक्टरचा स्वतःचा आवाजही या रचनेचा भाग असतो. ध्वनिक्षेपकावरून होणाऱ्या त्याच्या नेहमीच्या सूचना सार्वजनिक जागांत आणि मार्गिकांत ऐकू जातात. खोल्यांच्या आतला क्षेपक साधारणपणे महत्त्वाच्या किंवा संकटाच्या वेळेसाठी राखून ठेवलेला असतो, आणि तो तसाच राखला जावा. दर तासाला कानावर पडणाऱ्या आवाजाकडे माणूस तिसऱ्या दिवशी लक्ष देईनासा होतो, आणि हाच आवाज एखाद्या रात्री प्राण वाचवण्यासाठी लागू शकतो.

येथे विक्रीचा प्रश्न येतो. जहाज कंपनीचे उत्पन्न तिकिटावर संपत नाही. मद्य, कसिनो, दुकाने, बंदरावरच्या सहली आणि हौजीची तिकिटे या सगळ्यांतून ते येते. बंदरात असताना कसिनो आणि करमुक्त दुकाने बहुतेक ठिकाणी बंद ठेवावी लागत असल्याने समुद्रावरच्या संध्याकाळी त्यांच्या दृष्टीने मोलाच्या असतात. थिएटरातून बाहेर पडणारी वाट अनेक जहाजांवर कसिनो आणि बारजवळून जाते, ती काही योगायोगाने नव्हे. कार्यक्रम कधी संपतो यावर पुढच्या तासाची विक्री अवलंबून असते, म्हणून वेळापत्रकावर इतर विभागांचाही दबाव असतो. धंदा म्हणून हे समजण्यासारखे आहे. पण पाहुणा म्हणून बोलावलेल्या माणसाला प्रत्येक वळणावर गिऱ्हाईक असल्याची जाणीव झाली की माहोल विटतो. दबाव सोसून वेळापत्रकात काही तास निखळ मोकळे राखणारा क्रूझ डायरेक्टर मला त्या पदाला खरा न्याय देणारा वाटतो.

आतापर्यंतचा सगळा विचार समुद्र शांत आहे असे धरून झाला. तसा तो नेहमी नसतो. जहाज डोलू लागले की हवेतल्या दोरांवरच्या कसरती आणि बर्फावरचे स्केटिंग यांचे प्रयोग रद्द करावे लागतात, आणि नर्तिकांना खांद्यावर उचलण्याचे प्रसंग नृत्यातून गाळले जातात. उघड्या डेकवरचा मेळावा आत आणावा लागतो, आणि आतली जागा कोणाकडून तरी मागून घ्यावी लागते. याहून कठीण प्रसंग म्हणजे वाऱ्यामुळे एखादे बंदरच गाळले जाणे. प्रवाशांनी महिनोन्‌महिने त्या बेटाची चित्रे पाहिलेली असतात. निर्णय कप्तानाचा असतो आणि तो सांगायचाही कप्तानानेच, पण त्यानंतर रिकामा झालेला पूर्ण दिवस भरण्याची जबाबदारी क्रूझ डायरेक्टरवर येते. शहाणा माणूस अशा दिवसाचे पर्यायी वेळापत्रक आधीपासून तयार ठेवतो. नाराज माणसांसमोर लगेच उसना उत्साह दाखवणे ही अशा वेळची मोठी चूक असते. प्रवाशाचा हिरमोड झाला आहे हे आधी मान्य करावे, सहलीचे पैसे कसे परत मिळतील हे स्पष्ट सांगावे, आणि मगच दुपारच्या खेळांची भाषा करावी.

संकटाच्या वेळी तर हे पद पूर्णपणे सुरक्षेचे पद होते. मस्टर ड्रिल, म्हणजे संकटकाळी कोठे जमायचे याचा सराव, हा प्रत्येक सफरीच्या सुरुवातीचा भाग असतो, आणि सात लहान व एक लांब भोंगा ही संकटाची खूण असते. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ जहाज खडकावर आदळून कलंडले आणि ३२ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच दिवशी चिवितावेक्किया बंदरात चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव तोवर झालेलाच नव्हता, आणि विजेचा किरकोळ बिघाड आहे, खोल्यांत परत जा, असे प्रवाशांना सांगितले गेले होते. या दुर्घटनेनंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून नव्या प्रवाशांचा सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच घेणे बंधनकारक झाले. करमणूक विभागातल्या नर्तकापासून जादूगाराच्या साहाय्यकापर्यंत जे कर्मचारी म्हणून नेमलेले असतात, त्यांना गर्दी हाताळण्याचे आणि जमण्याच्या जागी प्रवाशांची मोजणी करण्याचे प्रशिक्षण असते. चार दिवस हसवणाऱ्या ओळखीच्या आवाजाने पाचव्या दिवशी गंभीरपणे ‘जीवरक्षक जाकीट घाला’ म्हटले, तर माणसे ते ऐकतात. हा विश्वास पहिल्या दिवसापासून मिळवावा लागतो.

प्रवाशांच्या आनंदाइतकेच कर्मचाऱ्यांचे मन हाही माहोलाचा पाया आहे. साधारण चार ते सहा महिन्यांच्या करारात घरापासून दूर राहून, लहान खोलीत दुसऱ्यासोबत जागा वाटून घेऊन, दर आठवड्याला तोच विनोद नव्या माणसांना नव्याने सांगायचा असतो. या कर्मचाऱ्यांत आपली माणसे पुष्कळ आहेत. गोव्यात जहाजावर नोकरी करणाऱ्याला ‘तारवटी’ म्हणतात, आणि अनेक घरांत ही वाट पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. स्वयंपाकघर, भोजनगृह आणि खोल्यांची व्यवस्था यांत गोवेकर मोठ्या संख्येने दिसतात, तर गोव्याच्या वादकांचे जहाजांशी नाते जुने आहे. प्रवाशाला सफर संपल्यावर भरायच्या अभिप्रायात रंगमंचापेक्षा अनेकदा हेच चेहरे आठवतात : रोज नावाने हाक मारणारा वाढपी, मुलासाठी टॉवेलचा हत्ती करून ठेवणारा खोलीवाला. क्रूझ डायरेक्टरच्या वेळापत्रकात यांचे नाव कोठेही नसते, पण ते थकलेले असले तर त्याचे वेळापत्रक लुळे पडते. म्हणून कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या जागेतला वाढदिवस आणि सणवारही चांगला क्रूझ डायरेक्टर विसरत नाही.

आपल्याकडे हा अनुभव अजून नवा आहे. २०१८ च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली. सुमारे ४०० प्रवाशांच्या त्या जहाजाचे नाव कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याशी जोडलेले होते. ती सेवा फार काळ टिकली नाही. २०२१ च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा सफरी करू लागले. हे जहाज १९९० मध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने रॉयल कॅरिबियनसाठी बांधले गेले होते. सांगाडा तोच, पण त्यावरचा समाज वेगळा. कॅरिबियन सफरीत जोडपी आणि निवृत्त माणसे अधिक दिसतात, तर मुंबईच्या धक्क्यावर तीन पिढ्यांचे कुटुंब एकत्र चढते, कधी लग्नाचे वऱ्हाडच येते, कधी एखाद्या कंपनीचे वितरक. आजीला कांदा-लसूण नसलेले जेवण आणि भजन हवे असते, मुलाला हिंदी गाण्यांवर नाचायचे असते, नातवाला पाण्याच्या घसरगुंडीवरून उतरायचे नसते, आणि हे सगळे एकमेकांच्या नजरेसमोर हवे असते.

शिवाय आपल्या सफरी बहुधा दोन ते पाच रात्रींच्या असतात. सात दिवसांची ती सावकाश चढती रेषा येथे आखताच येत नाही. मुंबईहून दोन रात्रींसाठी निघालेल्या जहाजावर पहिल्या चार-पाच तासांत सराव, खोल्यांची ओळख, बंदर सोडतानाचा मेळावा, जेवण आणि मुख्य कार्यक्रम एवढे सगळे बसवावे लागते. प्रश्नमंजुषेच्या टेबलाशी माणसे एकमेकांना ओळखू लागतात तोच सामान बाहेर ठेवण्याची वेळ येते. म्हणून अशा सफरीचा क्रूझ डायरेक्टर जहाज धक्क्याला लागलेले असतानाच कामाला लागतो. चढण्याच्या जिन्यापाशी उभा राहून तो येणाऱ्या कुटुंबांकडे पाहतो, कोणत्या भाषेत बोलावे याचा अंदाज घेतो, लहान मुले किती आणि वयस्कर किती हे मनाशी मोजतो, आणि रात्रीच्या कार्यक्रमात काय वाढवायचे व काय गाळायचे, हे कुलाब्याचे दिवे मागे पडण्याआधी ठरवून टाकतो.